वर तापणारा स्लॅब, खाली दहा बाय बाराची खोली: झोपायची खोली कशी मांडावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीत घराचा पहिला मजला, वर थेट गच्ची. खोली १० बाय १२ ची. पश्चिमेची १२ फुटी भिंत बाहेरची, तिच्यात दक्षिणेच्या बाजूला ३ फुटी खिडकी. उत्तरेच्या १० फुटी भिंतीत ४ फुटी खिडकी. दार पूर्वेच्या भिंतीत, उत्तरेच्या टोकाला. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे बाथरूम. झोपणारे तिघं: नवरा, बायको आणि ६ वर्षांची मुलगी. सुतारानं सहा बाय साडेसहाचा बॉक्स पलंग, पश्चिमेला भिंतभर कपाट आणि पीओपीचं छत असं काम सांगितलंय. पैसे उरले तर एसी. हे बरोबर आहे का?

पलंगाचं माप बरोबर आहे. बाकीचा क्रम उलटा लागलाय. आपल्याकडे वरच्या मजल्यावरची झोप आधी स्लॅब बिघडवतो, मग अंगावर न येणारा वारा, आणि त्यानंतर गादी. म्हणून पहिला पैसा गच्चीवर, दुसरा वायरिंगवर, तिसरा पलंग-गादीवर आणि चौथा कपाटावर घाला. पीओपी यादीतून काढून टाका.

स्लॅबचं आधी सांगतो. उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत तापते असं सर्रास बोललं जातं, पण मराठवाड्यात मे महिन्यात तसं होत नाही. सूर्य डोक्यावर असतो. धाराशिव-लातूरकडे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि संभाजीनगरला त्यानंतर आठवडाभरानं शून्य सावलीचा दिवस येतो. परभणी या दोन्हींच्या मधे. त्यानंतर काही आठवडे दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त खातो तो स्लॅब, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पाच इंची काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि ती संध्याकाळपासून खोलीत सोडायला लागतं. बाहेर वारा सुटलेला असताना आत उकडतं ते यामुळंच. रात्री दहा वाजता छताला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर खाली कितीही महागाची गादी टाका, उपयोग नाही.

इलाज गच्चीवर आहे. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. गच्ची झाडून, शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून, भेगा क्रॅक-फिलरनं बुजवून घ्या. चुना आदल्या रात्री भिजवा, गाळून घ्या आणि त्यात थोडा फेव्हिकॉल घाला. लावण्याआधी गच्ची ओली करा आणि पातळ दोन हात मारा. जाड एकच हात मारला की पापुद्रे सुटतात. कोरड्या, तापलेल्या स्लॅबवर मारला तर पाणी तिथंच उडून जातं, चुना धरत नाही आणि पहिल्याच वाऱ्यात पीठ होऊन उडतो. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. पावसात धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो. रोजचा वावर नसेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट जास्त टिकतो. कायमचं काम हवं असेल तर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक, पण त्याचं वजन आणि पाण्याचा उतार गवंड्याला आधी बघू द्या.

गच्चीवर शेडनेट बांधणार असाल तर स्लॅबवर अंथरू नका. दोन-तीन फूट वर ताणा, म्हणजे खालून वारा खेळतो. मेच्या वादळी वाऱ्यात जाळी पाल बनते आणि पाइप उपटून नेते, तेव्हा सुतळीऐवजी तारेनं बांधा आणि आभाळ भरून आलं की सोडून ठेवा. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याची जुनी सवय मात्र सोडा. थंड वाटतं हे खरं, पण तापलेल्या स्लॅबवर रोज पाणी पडलं की बारीक भेगा वाढतात, आणि एवढं पाणी आपल्याकडे आहे कुठं?

पीओपीला नाही म्हणायचं कारणही यातच आहे. नुसतं छत खाली आणून उष्णता थांबत नाही, उशिरानं येते. मधल्या पोकळीत उंदीर-पाली नांदतात. दहा फूट उंचीच्या खोलीत पीओपीनं आठ-नऊ इंच गेले की पंखा आणखी खाली येतो. त्यातही पंख्याचा हूक स्लॅबला न घेता पीओपीच्या सांगाड्याला अडकवणारे महाभाग आहेत. तसं कुणी करत असेल तर काम तिथंच थांबवा.

पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा चार वाजताच्या उन्हाला अडवत नाही, कारण तेव्हा सूर्य छज्ज्याच्या खालून येतो. आतून जाड पडदा लावला तर ऊन काचेतून आत येऊनच पडद्यावर पडतं आणि पडदाच तापतो. अडवायचं ते बाहेरून. बांबूची चिक किंवा शेडनेटचा तुकडा खिडकीबाहेर अर्धा फूट अंतरावर सोडा, संध्याकाळी गुंडाळून ठेवा. खिडकी बुजवू नका. उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा आपल्याकडे बहुतेक पश्चिम-वायव्येकडूनच येतो.

कूलर की एसी, हा दुसरा प्रश्न. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा कूलर उत्तम चालतो, वीजही कमी घेतो. पण तो पाणी उडवूनच हवा गार करतो. मोठा डेझर्ट कूलर रात्रभरात ५०-६० लिटर पाणी सहज पितो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत हा हिशेब आधी करा. बोअरचं खारं पाणी घातलं तर हनीकोम्ब पॅडवर पांढरे थर धरतात आणि एका हंगामात वारा निम्म्यावर येतो. तिथं लाकडी घासाच्या ताट्या बऱ्या. दर वर्षी बदलाव्या लागतात, पण स्वस्त पडतात. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाका, नाहीतर क्षार वाढतात आणि डेंग्यूचे डास तिथंच होतात.

कूलर उत्तरेच्या खिडकीत, बाहेर ब्रॅकेटवर बसवा. उत्तरेला सावली जास्त वेळ राहते आणि हवा थेट पलंगाच्या पायथ्याकडून डोक्याकडे जाते. कूलर चालू असताना पश्चिमेची खिडकी चार बोटं आणि दार थोडं उघडं हवंच. बहुतेक घरांत हेच चुकतं. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोली चिकट होते आणि लोक म्हणतात, कूलर खराब आहे. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसते, एवढंच. जूनमध्ये पाऊस पडला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो कूलर घरात नको. दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात. तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत उतरलेली अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), ही तिन्ही हवीत. पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही उपसायचा. मुलीला ही सवय आत्तापासून लावा, आणि नुसत्या पायांनी ओल्या फरशीवर उभं राहून कूलरला हात लावायचा नाही हेही सांगा.

एसी घ्यायचाच असेल तर वर गच्ची असलेल्या १२० चौरस फुटांना एक टन कमी पडतो. दीड टन घ्या. स्लॅबला पांढरा हात मारलेला असेल तर तोच एसी लवकर थांबतो. तो पूर्वेच्या भिंतीवर, सात-साडेसात फुटांवर बसवा, म्हणजे हवा पलंगावरून आडवी जाते, तोंडावर येत नाही. बाहेरचं युनिट भर उन्हात टांगू नका. पाण्याच्या पाइपला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला सांगा, कारण उतार नसला की पाणी परत आत भिंतीवर येतं.

वायरिंग रंगाच्या आधी. एसीला डीबीपासून (घराच्या मुख्य वीज-बोर्डापासून) वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच). प्लग पॉइंटांना २.५, दिव्यांना १.५. आज एसी घेणार नसाल तरी ही वायर आत्ताच टाकून ठेवा, पुढं भिंत फोडावी लागणार नाही. दिव्याचा आणि पंख्याचा स्विच दाराजवळ एक आणि पलंगाजवळ एक असा टू-वे करून घ्या. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण २६ इंचांवर बोर्ड हवा. त्याहून खाली घेतला तर गादीच्या आड जातो.

पंख्याकडे कुणी बघत नाही. हूक नेहमी खोलीच्या मध्यावर असतो, म्हणजे तुमच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीपासून ७२ इंचांवर. पलंगाचं डोकं दक्षिणेला असेल तर पंखा येतो पावलांवर. वारा पायाला लागतो आणि चेहरा घामानं भिजतो. जमत असेल तर वायरमनकडून नवा हूक भिंतीपासून ४५ ते ५० इंचांवर, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून घ्या. फास्टनर स्लॅबच्या सळईला लागला तर दोन इंच सरकवायचा, सळई कापायची नाही. ते नको असेल तर पूर्वेच्या भिंतीवर १६ इंची वॉल फॅन. छताचा पंखा ४८ इंची घ्या, पाती जमिनीपासून आठ ते नऊ फुटांवर आणि छतापासून किमान एक फूट खाली. छताला चिकटलेला पंखा नुसता गरगरतो, वारा खाली येत नाही.

आणि पंखा बीएलडीसीच (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. लाईट गेल्यावर फरक कळतो. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, हातात धरून चाला हजार. घरातले तीन साधे पंखे त्यावर साडेचार तासांत बॅटरी संपवतात. तीन बीएलडीसी पहाटेपर्यंत ओढतात.

आता मांडणी. कागदावर काढण्यापेक्षा रिकाम्या खोलीत खडूनं आखा. खोली १२० बाय १४४ इंच. सुतार म्हणतो तसं पश्चिमेला भिंतभर कपाट केलं तर २४ इंच गेले, उरले ९६. त्यात ७२ इंची पलंग. राहिले २४ इंच, आणि कपाटाचा पल्ला उघडायलाच २० इंच लागतात. म्हणजे पलंग एका बाजूला भिंतीला चिकटणार, आतल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागणार, आणि पश्चिमेची खिडकी कपाटामागं कायमची बंद. हे करू नका.

त्याऐवजी पलंगाचं डोकं दक्षिणेच्या भिंतीला, मधोमध. दोन्ही बाजूंना २४-२४ इंच राहतात, चालायला पुरेसे. डोकं दक्षिणेला असल्यानं वास्तू बघणाऱ्या मोठ्यांचंही समाधान होतं, तो वाद वाचतो. पलंगाची लांबी हेडबोर्डसह ८१ इंच. त्यापुढं ६३ इंच उरतात. उत्तर-पश्चिम कोपऱ्यात पश्चिमेच्या भिंतीला लागून ६० इंच रुंदीचं कपाट करा. कपाटासमोर आठ फूट मोकळे, दारही मोकळं, आणि पश्चिमेच्या भिंतीचा तेवढा भाग कपाटामुळं खोलीत कमी तापतो. कपाटातले कपडे गरम होतील, पण कपड्यांना झोपायचं नसतं. उत्तरेच्या खिडकीची जागा मात्र बघून घ्या: कपाटाची बाजू उत्तरेच्या भिंतीवर २४ इंच खाते, खिडकी त्यापुढं सुरू व्हायला हवी.

दक्षिणेच्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, तेव्हा हेडबोर्ड लावण्याआधी भिंतीची ओल बघा. पांढरं मीठ फुटलंय का, रंग फुगलाय का, नखानं ओरखडलं तर भुगा पडतो का. असेल तर आधी बाथरूमचे सांधे आणि नळजोड दुरुस्त करा, भिंत वाळू द्या, मग बाकीचं. ओलीवर ऑइलपेंट मारून लपवाल तर ओल वर चढत जाऊन कमरेएवढी होते. हेडबोर्ड भिंतीला चिकटवू नका, अर्धा इंच फट ठेवा.

डोक्याच्या वर माळा किंवा जड फळी नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला लागत नाही. किल्लारीच्या भूकंपात माणसं झोपेतच गेली, जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन. आरसीसीच्या घरातही उंच कपाट वरच्या बाजूनं एल-क्लॅम्पनं भिंतीला पक्कं करा. लोखंडी कपाटही तसंच. गावाकडच्या जुन्या दगडी घरात खोली मांडत असाल तर पलंग फुगलेल्या किंवा भेग पडलेल्या भिंतीपासून दूर घ्या.

तिघांना सहा बाय साडेसहा योग्य आहे, पण एकसंध बॉक्स पलंग करू नका. ३६ बाय ७८ इंचाचे दोन दिवाण करा आणि मधे चार बोल्टांनी जोडा. एकसंध पलंग जिन्यातून चढत नाही, म्हणून तो खोलीतच ठोकावा लागतो, आणि पुढं घर बदललं की मोडूनच बाहेर येतो. दोन दिवाण असले की दोन-तीन वर्षांत मुलगी वेगळी झोपायला लागेल तेव्हा एक तिला, किंवा लग्नसराईत पाहुणे आले की एक बैठकीत. सामान ठेवायला दोघांच्या खाली बॉक्स मिळतोच. बोल्ट ३/८ इंची, विंगनटसह, जागा दोन्ही दिवाणांना एकदम भोक पाडून घ्या, नाहीतर नंतर जुळत नाही.

उंची जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत १८ ते २० इंच. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर २१-२२, म्हणजे उठताना जोर लागत नाही. बॉक्सच्या वरच्या प्लायला एक इंची भोकं पाडून घ्या, एका दिवाणाला बारा-पंधरा. बंद प्लायवर गादी पडून राहिली की अंगाचा घाम खाली जाऊन साचतो आणि पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते. खाली एक-दीड इंच उंचीच्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे फरशी पुसताना प्लाय भिजत नाही.

लाकूड सागवानाचं परवडत असेल तर बघा. किनवटकडचा साग आपल्याला जवळचा. पाडलेल्या वाड्याचे जुने तुळई-खांब मिळाले तर त्याहून चांगलं, पुरतं वाळलेलं असतं. मात्र करवत लावण्याआधी खिळे शोधून काढायचे, आणि आतून भुंग्यानं पोखरलंय का हे ठोकून बघायचं. पोकळ आवाज आला तर घेऊ नका. कडुलिंबाच्या लाकडाला कीड कमी लागते, पण ओलं वापरलं तर पिळवटतं. बाभूळ पायांना चालते. चौकट सागवानी आणि बाकी प्लाय हा मधला मार्ग बहुतेकांना परवडतो.

गादी. कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून फोमच्या मागं धावायचं कारण नाही, पण नुसत्या कापसाच्या गादीलाही मर्यादा आहे, ती वर्षभरात दबते. उन्हाळ्यात मेमरी फोम सगळ्यात त्रास देतो. अंग आत रुततं, वारा लागत नाही, पाठ ओली होते. आपल्या हवेला सगळ्यात जुळतं ते असं: खाली ४ इंच काथ्याची गादी, वर २ इंच कापसाची. दोन दिवाणांच्या दोन वेगळ्या गाद्या करा, मधली फट वर पातळ एकसंध गादी टाकली की जाणवत नाही. फोमच हवा असेल तर घनता (घनमीटरला किती किलो) विचारा, ३२ च्या खालचा घेऊ नका, ४० चा बरा. दुकानदार जाडी सांगतो, घनता विचारल्याशिवाय सांगत नाही.

कापसाची पूर्ण गादी, तीन बाय साडेसहा, चार इंची, करायची तर साधारण १२ किलो कापूस लागतो. तो नवा आणि लांब धाग्याचा आहे का हे खोळ शिवण्याआधी स्वतः बघा. गिरणीचा टाकाऊ कापूस पांढराशुभ्र दिसतो, पण मुठीत दाबून सोडला की फुगत नाही आणि सहा महिन्यांत गोळे होतात. भरताना कडा कोपऱ्यांत ठासल्या पाहिजेत, टाके एका वीतभर अंतरावर. पंधरवड्यातून एकदा ऊन द्या, दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. पिंजताना चार-पाचशे ग्रॅम घट येते, तेवढा नवा कापूस जवळ ठेवा. ढेकूण असतील तर गादी पिंजून भागत नाही. पलंगाच्या सांध्यांत ते असतात, आधी पलंग मोकळा करून सांध्यांत औषध मारा.

चादरी घेताना 'ग्लेस कॉटन' लिहिलेलं बहुतेक पॉलिस्टर असतं. कडेचा एक धागा काढून जाळा: सुती असेल तर राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून मणी होतो. सहा फुटी पलंग आणि सहा इंची गादीला चादर १०८ बाय १०८ घ्या, त्याहून लहान रात्रीत निघते. पाहुण्यांसमोर हिमरूचं (संभाजीनगरचं नक्षीदार विणलेलं कापड) काही टाकावंसं वाटलं तर उशीच्या अभ्र्यापुरतं ठेवा. मागच्या बाजूचे सुटे धागे बांगडी-नखात अडकतात, रोज अंगाखाली घ्यायचं ते कापड नव्हे.

कपाटाचा हिशेब. ६० इंच रुंद, ८४ इंच उंच, २४ इंच खोल. वर छतापर्यंतची जागा बंद करू नका, तिथं माळा केला की आठवणीनं तोच भरत जातो. तीन पल्ले, प्रत्येकी २० इंच. एका पल्ल्याला चार बिजागऱ्या. तीनवर भागवलं की दोन वर्षांत पल्ला लोंबतो. ४० इंचाच्या भागात टांगायची दांडी, खाली ड्रॉवर. २० इंचाच्या भागात १२ ते १४ इंचांवर फळ्या, साड्या आणि घडीचे कपडे. १८ मिमीच्या आठ बाय चारच्या पाच शीट आणि मागच्या पाठीला व ड्रॉवरच्या तळाला ६ मिमीच्या दोन शीट पुरतात. सुतार आठ शीट म्हणत असेल तर कापणीचा नकाशा कागदावर मागा. प्लाय बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा, आयएस ३०३ चा शिक्का शीटवर छापलेला बघून. बाथरूमच्या भिंतीला काही लावायचं असेल तर तेवढ्यापुरता आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय.

काळ्या मातीवरच्या घरांत आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यात जमीन भेगाळून आकसते, पावसात फुगते, आणि घर त्याबरोबर सुतासुतानं हलतं. दार जूनमध्ये अडकतं आणि जानेवारीत सैल होतं ते यामुळं. भिंत-ते-भिंत घट्ट बसवलेलं कपाट त्या हालचालीत तिरकं होतं आणि पल्ले एकमेकांवर घासतात. म्हणून दोन्ही बाजूंना १०-१२ मिमी फट सोडून वरून पट्टी मारायची. सरकते पल्ले अशा घरात टाळा, रूळ जरा वाकला की पल्ला स्वतःच सरकतो.

वाळवीसाठी कपाट ठेवण्याआधी फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध भरून घ्या, मग सिमेंटनं बुजवा. औषध मारणाऱ्याला फक्त लाकडावर फवारून जाऊ देऊ नका. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते, लाकूड तिचं शेवटचं ठिकाण.

दिव्यात फार डोकं लावायचं नाही. २० वॅटचा एक पट्टी-दिवा साफसफाईला, आणि झोपायच्या आधी वापरायला पलंगाशी पिवळट, ३००० केल्विनचा ५-७ वॅटचा. रात्रीचा दिवा फरशीपासून फूटभर वर, म्हणजे उठल्यावर पाय दिसतात, डोळ्यांत जात नाही. भिंतींना फिका रंग, छत पांढरं. खिडकीला तीन रुळांची सरकती चौकट घेत असाल तर एक रूळ जाळीला द्या, डासांचं काम तिथंच होतं.

खोलीत धान्य ठेवायची सवय असेल तर ती मोडा. पलंगाखाली गहू-ज्वारीची पोती आणि त्यात कीडनाशक गोळ्या टाकल्या की त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोलीत, कूलर-एसी चालवून झोपलेल्या कुटुंबांचे जीव त्यानं गेलेले आहेत. गोळ्या घातलेलं धान्य झोपायच्या घराबाहेर, वेगळ्या हवेशीर जागी. बॉक्समध्ये ठेवायच्या गोधड्या-रजयांना वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरतो. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस खोलीत भरायचा असेल तर तितके दिवस झोप दुसरीकडे. पडून राहिलेल्या कापसातले किडे अंगाला खाज आणतात.

कामाचा क्रम असा लावा: गच्ची फेब्रुवारीत, बाथरूमची ओल त्याच वेळी. मग वायरिंग आणि पंख्याचा हूक, मग पुट्टी आणि रंगाचा पहिला हात, मग वाळवीचं औषध, मग कपाट, आणि पलंग शेवटी. रंगाचा दुसरा हात सुतार गेल्यावर. गादीचं माप पलंग खोलीत बसल्यानंतरच द्या, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजून, दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच कमी. काथ्याची गादी मापात घट्ट आली तर ती मधे फुगते आणि कापायलाही येत नाही.